डेबियन स्टेबलवर नवीन आवृत्तीची पॅकेजेस हवी असतील तर टेस्टिंगची ओळ घालावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन लिनक्सची स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्ती १३ (ट्रिक्सी) टाकलीय, नव्या लॅपटॉपचं वायफाय ओळखलं जात नाही, ब्लेंडरही (थ्रीडी चित्रांचा प्रोग्रॅम) जुनं आहे. मित्र म्हणतो, सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) टेस्टिंगची, म्हणजे पुढच्या डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीची, ओळ घाल, सगळं नवीन मिळेल.

घालू नका. सगळं नवीन मिळेल हे मात्र त्याचं अगदी खरं, आणि अडचण नेमकी तीच आहे. ॲप्ट (पॅकेजेस बसवणारं डेबियनचं साधन) प्रत्येक रेपॉझिटरीला, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्याला, प्राधान्याचा एक आकडा देतं. स्टेबलला ५००, टेस्टिंगलाही ५००. आकडा सारखा असला की वरच्या आवृत्तीचं पॅकेज निवडलं जातं. म्हणजे ओळ घालून तुम्ही नेहमीसारखं अपग्रेड चालवलंत की ब्लेंडर राहिलं बाजूला, अख्खी सिस्टिम फोर्कीकडे (पुढच्या डेबियनकडे) निघाली.

पिनिंग करून (हा आकडा स्वतः ठरवून) टेस्टिंगचा आकडा खाली आणता येतो, बरेच जण तेच सुचवतात. पण तिथलं एखादंच पॅकेज घेतलं तरी ते तिथल्या नव्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात ते सामायिक भाग) धरून बिल्ड केलेलं असतं. ट्रिक्सीत जीलिबसी (सगळ्यात मूळची लायब्ररी) २.४१ आहे. पॅकेजने त्याहून नवी मागितली की ॲप्ट तीही आणायला बघतं, आणि जीलिबसीवर जवळपास सगळेच प्रोग्रॅम उभे असतात. ते नको वाटलं तर परत फिरायचा धड रस्ता नाही, कारण डाउनग्रेडला डेबियनचा सपोर्टच नाही. असल्या खिचडीला डेबियनवाले ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

तुमच्या वायफायसाठी बॅकपोर्ट्स वापरा. यात टेस्टिंगमधली निवडक पॅकेजेस स्टेबलच्याच लायब्रऱ्यांवर पुन्हा बिल्ड करून ठेवलेली असतात. ‘डेबियन.सोर्सेस’ या सोर्सेसच्या फाइलमध्ये ‘सूट्स’ची ओळ असते, तिच्यात ट्रिक्सी आणि ट्रिक्सी-अपडेट्सच्या शेजारी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स लिहा. खालच्या ‘कंपोनंट्स’मध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर (फर्मवेअर म्हणजे वायफायसारख्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) आहे ना, तेही बघून घ्या. मग ॲप्ट अपडेट.

आता काहीही आपोआप बदलत नाही. बॅकपोर्ट्सचा आकडा १००, स्टेबलचा ५००, त्यामुळे तुम्ही नाव घेऊन मागेपर्यंत ॲप्ट तिकडे वळत नाही. मागायचं ते ‘-टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ हा पर्याय लावून. एकदा तिथलं पॅकेज घेतलं की त्याची पुढची अपडेट्स मात्र तिथूनच येत राहतात. ॲप्ट पॉलिसी आणि पॅकेजचं नाव एवढं दिलं की हे सगळे आकडे समोर दिसतात; काही करण्याआधी ते एकदा बघाच.

बॅकपोर्ट्सच्या आवृत्तीला ‘~बीपीओ१३+१’ असं शेपूट असतं. मला ही युक्ती फार आवडते. डीपीकेजी (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन) आवृत्त्यांची तुलना करतं, तेव्हा त्या नागमोडी चिन्हाची किंमत ‘काहीच नाही’पेक्षाही कमी असते. त्यामुळे ‘२.०-१~बीपीओ१३+१’ ही आवृत्ती नुसत्या ‘२.०-१’च्या खाली लागते, आणि उद्या तुम्ही पुढच्या डेबियनवर गेलात की तिथलं मूळ पॅकेज तिची जागा घेतं.

तुम्हाला लागेल तो कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा (लिनक्स-इमेज-एएमडी६४) आणि तुमच्या वायफाय चिपचं फर्मवेअर पॅकेज. दोन्ही बॅकपोर्ट्समधूनच घ्या. नवा ड्रायव्हर बहुतेक वेळा नवं फर्मवेअर मागतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. जुना कर्नल तसाच राहतो. नवा बूट झाला नाही तर ग्रबच्या (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या) मेनूत जाऊन आधीचा निवडता येतो. एनव्हिडियाचा (ग्राफिक्स कार्डाचा) ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बिल्ड करणाऱ्या साधनाने) बसवला असेल, तर त्यासाठी लागणारी कर्नलची हेडर्सही बॅकपोर्ट्समधूनच घ्या आणि मॉड्यूल नीट बिल्ड झालं का ते पाहूनच रीबूट करा.

काहीही बसवण्याआधी तीच कमांड ‘-एस’ लावून चालवा. प्रत्यक्षात काही होत नाही, फक्त काय होणार ते दिसतं. ‘काढली जाणारी पॅकेजेस’ या यादीत डेस्कटॉपचं काही दिसलं तर तिथेच थांबा.

ब्लेंडरसाठी ॲप्टच्या नादी लागायची गरजच नाही. त्यांच्या साइटवरचा टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) होम फोल्डरमध्ये उघडा आणि तिथूनच चालवा. नको झालं की फोल्डर उडवा. फ्लॅटपॅकही (प्रोग्रॅम सिस्टिमपासून वेगळा बसवायची पद्धत) चालेल. त्यात लायब्रऱ्या वेगळ्या येतात, डिस्क जास्त जाते, पण सिस्टिमला धक्का लागत नाही. उबंटूचे पीपीए (लोकांनी ठेवलेल्या जादा रेपॉझिटरी) मात्र डेबियनवर जोडू नका, ते उबंटूच्या लायब्रऱ्यांवर बिल्ड केलेले असतात.

नुसता आवृत्तीचा आकडा जुना दिसतो म्हणून काही बदलायला जाऊ नका. शेवटी ‘डेब१३यू१’ असं काही दिसलं, तर स्टेबल आल्यानंतर त्या पॅकेजमध्ये दुरुस्ती झालेली आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या सहसा जुन्या आवृत्तीतच उतरवल्या जातात. उलट बॅकपोर्ट्सला सुरक्षा टीमची हमी नसते, तिथे पॅकेज सांभाळणाऱ्याला जमेल तसं. म्हणून तिथून गरजेपुरतंच घ्यावं.

एवढं करूनही वायफाय दिसलं नाही, तर डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) फर्मवेअर शब्द असलेल्या ओळी शोधून प्रश्नात जोडा. कुठली फाइल सापडली नाही ते बहुतेक तिथे नावानिशी लिहिलेलं असतं.