हतनूरचा सुरय आणि ध्रुवावरचा सुरय

भाऊ, फोटो झकास आलाय, पण हा आर्क्टिक टर्न, म्हणजे आर्क्टिक सुरय, नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला तापीच्या वाळूवर टिपलेला हा पक्षी 'जगात सगळ्यात लांब उडणारा' तोच का, आणि तो नसेल तर खान्देशात कधी दिसेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबेल.

फोटोतली चोच मोठी करून बघा. पिवळीधम्मक आहे. आर्क्टिक सुरयची चोच विणीच्या दिवसांत रक्तासारखी लाल असते. त्याचे पाय इतके आखूड असतात की उभा असला तरी बसलाय असं वाटतं. तुमचा गडी लालसर पायांवर चांगला ताठ उभा आहे. काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी दोघांनाही असते, म्हणून घोळ होतो. हा नदी सुरय, आपल्या तापीचा घरचा माणूस. वाईट वाटून घेऊ नका, सुरुवातीच्या काळात मीही वहीत ऐटीत 'आर्क्टिक टर्न' लिहून ठेवलं होतं. सोबतच्या भोईदादांनी वहीतलं चित्र बघून विचारलं, "हा तर रोजचाच आहे, याला एवढं काय लिहिता?"

चोच दिसली नसती तरी तारखेवरून कळलं असतं. तुम्ही एप्रिलमध्ये पंचेचाळीस डिग्रीत घाम पुसत फोटो काढत होतात, तेव्हा खरा आर्क्टिक सुरय नुकताच अंटार्क्टिकाचा बर्फ सोडून अटलांटिकवरून उत्तरेला निघालेला असतो. मे संपेपर्यंत तो ग्रीनलंड-आइसलंडकडे पोचतो. जमिनीवरच्या साध्या खळग्यात एक ते तीन अंडी, तीनेक आठवडे उबवण, आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत पिल्लू उडायला तयार. वसाहतीत माणूस शिरला की हे पक्षी थेट डोक्यावर चोच मारतात. इंग्लंडच्या फार्न बेटांवर जाणारे लोक त्यासाठी टोपी घालूनच जातात.

ऑगस्टच्या सुमारास परत दक्षिणेची वाट. उत्तरेतला उन्हाळा उरकला की दक्षिणेतला उन्हाळा गाठायचा, म्हणजे वर्षातून दोन उन्हाळे. सूर्यप्रकाश त्याच्याइतका दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या वाट्याला येत नसावा. आपल्याला एकच उन्हाळा नकोसा होतो!

आता हे कळलं कसं, मला यातच खरी गंमत वाटते. पूर्वी पायात कडी घालायचे आणि कुठे सापडतो याची वाट बघायचे. १९८२ च्या उन्हाळ्यात फार्न बेटांवर उडताही न येणाऱ्या एका पिल्लाच्या पायात कडी घातली, आणि ते त्याच ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सापडलं. पण मधला रस्ता कडी सांगत नाही. नंतर १.४ ग्रॅमचं यंत्र आलं, म्हणजे ज्वारीच्या चाळीस-पन्नास दाण्यांएवढं वजन. त्यात जीपीएस वगैरे काही नाही. फक्त घड्याळ आणि उजेड मोजायची सोय. दिवस किती लांब यावरून अक्षांश, आणि भर दुपार किती वाजता झाली यावरून रेखांश. पंचांगात भुसावळची दुपार मुंबईच्या आधी बाराएक मिनिटं होते ना? तोच हिशोब, एका अंशाला चार मिनिटं. खोट इतकीच की २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सगळीकडे दिवस-रात्र सारखी, तेव्हा अक्षांश लागत नाही. आणि पक्षी पुढच्या वर्षी परत हाती आला तरच माहिती मिळते.

२०१० साली ग्रीनलंड-आइसलंडच्या ११ पक्ष्यांचा हिशोब छापून आला. वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर. भुसावळ-मुंबईच्या ऐंशी फेऱ्या झाल्या या. आणि हा पक्षी भरतो शंभरेक ग्रॅम, आपल्या रावेरच्या एका केळ्यापेक्षा हलका! जाताना उत्तर अटलांटिकमध्ये महिनाभराचा मुक्काम ठोकून पोटभर खातात. पुढे काही आफ्रिकेच्या कडेने जातात, काही ब्राझीलच्या. येताना मात्र सरळ रेषेत येत नाहीत. वारा पाठीशी राहील असं मोठं वळण घेतात आणि दिवसाला ५२० किलोमीटरच्या सरासरीने चाळीसेक दिवसांत घरी पोचतात. फार्नच्या एका पक्ष्याने पुढे वर्षात ९६,००० किलोमीटर कापलेलेही नोंदले गेले. तो आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात शिरला होता, पण तिथून अंटार्क्टिकाकडेच गेला. थोडक्यात, तापीवर त्याची वाट बघत बसू नका.

पण उत्तर ध्रुवाकडचा समुद्रपक्षीच बघायचा असेल तर दुसरा एक आहे, याहून लहान. लाल मानेचा फॅलारोप, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. यांच्यात मादी रंगाने उठून दिसते आणि अंडी नर उबवतो. स्कॅंडिनेव्हियातले, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडचे, फॅलारोप हिवाळा काढायला येतात ते आपल्या अरबी समुद्रात. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरचेही इकडेच येत असतील असा सगळ्यांचा कयास होता. २०१२ मध्ये तिथल्या पक्ष्यांना यंत्रं बांधली, आणि पुढच्या वर्षी हाती आलेला एक निघाला थेट अटलांटिक ओलांडून इक्वेडोर-पेरूसमोरच्या प्रशांत महासागरात जाऊन आलेला. इकडचा पाहुणा तिकडे! स्कॅंडिनेव्हियावाले मात्र आपलेच. समुद्रावर राहणारा असला तरी येता-जाता तो क्वचित आतल्या तलावांवर आणि धरणांवर उतरतो.

तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये हतनूरचं उथळ पाणी चाळत जा. चिमणीपेक्षा जरा मोठा, सुईसारख्या चोचीचा पक्षी पाण्यावर पोहत भोवऱ्यासारखा गरगर फिरताना दिसला, तर तोच. त्या फिरण्याने खालचे बारीक जीव वर येतात आणि तो ते टिपतो.

आणि एक विनंती, नदी सुरयचा फोटो काढताना वाळूच्या बेटावर उतरू नका. मार्च ते मे त्याची अंडी तिथंच उघड्यावर असतात, वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. काठावरूनच काढा. पुढचा फोटो टाकाल तेव्हा चोच नीट येऊ द्या, म्हणजे मला एवढं लिहावं लागणार नाही.