खाटेवर येण्याआधीचे दिवस

लेकरा,

भरती झालेल्या कोविड पेशंटच्या फायलींवरच्या अभ्यासाबद्दलचा काल रात्रीचा तुझा निरोप वाचला. वय, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी), लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सगळं अपेक्षेप्रमाणे आलं, फक्त मधुमेहाचा गंभीर कोविडशी संबंध दिसेना, उलट सौम्य गटातच साखरवाले जास्त निघाले. म्हणून तो रकानाच उडवायचं तुझ्या मनात आहे. उडवू नकोस. पेशंट खाटेपर्यंत आला कसा, ते आधी बघ.

एप्रिल 2021 मध्ये साखरेचा पेशंट नुसत्या तापानं आला तरी आम्ही जोखीम नको म्हणून भरती करून घ्यायचो. आणि धडधाकट गडी कधी यायचा? ऑक्सिजन 85 वर गेला, दोन शब्द बोलताना धाप लागली, की जीपमध्ये घालून आणायचे. असे पेशंट एका तक्त्यात बसवले, तर दुसरं काय दिसणार? मधुमेहानं गंभीर आजाराची अन् मृत्यूची जोखीम वाढते, हे देशोदेशी दिसलंय. तुझ्या तक्त्यात आमचा भरतीचा नियम उमटलाय, बाकी काही नाही.

डी-डायमरचंही, म्हणजे रक्तात गुठळ्या होताहेत का ते सांगणाऱ्या तपासणीचंही, तेच. तिसऱ्या दिवशी आलेला आणि दहाव्या दिवशी आलेला, दोघांचं रक्त तू एकाच रकान्यात घातलंस. हा आजार बहुतेकदा आठवडा उलटल्यावर बिघडतो, हे तुला शिकवायला हवं का? भरतीची तारीख लिहिलीस, ताप कधी आला ते कुठंय? खाटेआधीचे दिवस लिही.

मी ते लिहिले नव्हते. परळीकडच्या एका गावातून एक बाई आली, ऑक्सिजन 86, साखर चारशेच्या वर. मी फाइलवर ‘जुना मधुमेह’ लिहून मोकळा झालो. तिच्या मुलाच्या हातात कॅरीबॅग होती. फडक्यात बांधलेली भाकरी आणि तिला चिकटून अर्धी संपलेली बारीक पांढऱ्या गोळ्यांची स्ट्रिप. ती मला दिसली होती. उचलून वाचली नाही. ते स्टिरॉइड होतं, साखर चढवणारं, तापाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा नाही, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं 2020 मध्येच दाखवलं होतं. बाईला आधी साखर नव्हतीच. तीन महिन्यांची साखर, एचबीए1सी, मी नंतर तपासली, तीही डोळा सुजल्यावर. म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला होता.

रात्रीचे अडीच वाजले होते, सिलिंडर संपत आले होते, दाराशी चार पेशंट ताटकळत होते. त्या स्ट्रिपकडं बघायला कुणाला फुरसत असती, सांग! पण ‘काय काय खाल्लं, कितवा दिवस’ एवढं विचारायला किती वेळ लागतो, हे त्यानंतर मी मोजलंय. अर्धा मिनिट. तेव्हापासून त्याशिवाय मी केसपेपरवर सही करत नाही. पोरं वैतागतात, वैतागू देत.

तुझ्या हातात फायली आहेत, फोन नंबर आहेत, सवड आहे. संशोधनाच्या नैतिकता समितीकडून परवानगी रीतसर काढ. नातेवाइकांना ताप कधी आला, आधी कोणाकडे दाखवलं, सुई-गोळ्या काय घेतल्या, साखर कधीपासून, एवढंच विचार. काही जण रडतील, तेव्हा घाईनं फोन ठेवू नकोस.

परवानगी आली की रविवारी घरी ये, जेवायलाच ये. पहिले दहा फोन मी लावतो.