वाचक विचारतात: गोल मारला तर गोल का येत नाही?

प्रश्न: नमस्कार सर, चिपळूणला घरामागच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ६०४० साइजचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) आहे, टेबल सरकवायला १६०५ चे बॉलस्क्रू (नटमध्ये गोळ्या असलेले स्क्रू), त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा आणि कधीमधी पितळ मारतो. पावसाळ्यापासून ४० एमएमचा गोल मारला की चार ठिकाणी चपटा लागतो, मित्र म्हणाला स्टेप्स पर एमएम (एक एमएम सरकायला मोटरला किती पल्स द्यायचे तो आकडा) बदल, बदलले तर एक जॉब बरा येतो नि दुसरा बिघडतो. शिवाय स्क्रूवर आणि टेबल ज्यावर सरकतं त्या रॉडांवर तांबूस डाग धरतात, रोज डब्ल्यूडी-फोर्टी मारतो तरी. काय करू?

उत्तर: आधी स्टेप्सचा आकडा होता तिथे परत आणा. २०० स्टेपची मोटर, मोटरचा ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग करत असेल, तर एका फेऱ्याला १६०० पल्स, स्क्रू एका फेऱ्यात ५ एमएम सरकतो, म्हणजे ३२० पल्स एका एमएमला. मशीन ढिलं झालं म्हणून हा आकडा बदलत नाही, आणि ढिलेपणा आकड्यात लपवायला गेलात की तुमचं झालं तेच होतं, एका मापाचा जॉब जमतो बाकीचे फसतात.

गोलाकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. चपटे भाग बरोबर उजवी, डावी, वर, खाली असतील तर तो बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल, कारण तिथेच एक्स नाहीतर वाय दिशा उलटी करतो आणि मधला ढिलेपणा भरेपर्यंत टेबल जागेवरच थांबतं. गोल तिरका, म्हणजे ४५ अंशात लांबट येत असेल तर दोन अ‍ॅक्सिस काटकोनात नाहीत.

आता मॅग्नेटिक बेसवर ०.०१ एमएमचा डायल (काट्याचं मापक) लावा, एकाच दिशेने थोडं जॉग करून (बटणाने सरकवून) शून्य करा, मग उलट्या दिशेला ०.१ ची एक स्टेप द्या. काटा ०.०६ च सरकला तर ०.०४ कुठेतरी जातंय. कुठे ते शोधायची युक्ती सांगतो, मला फार आवडते. स्क्रूच्या टोकाला जे सेंटरचं भोक असतं त्यात ग्रीस लावून एक छोटी स्टीलची गोळी बसवा, डायलचं चपटं टोक त्या गोळीवर टेकवा, मोटर ऑन ठेवून टेबल हाताने ढकला-ओढा. काटा हलला म्हणजे स्क्रूच पुढेमागे होतोय, बेअरिंगकडचा लॉकनट ढिला आहे, घरच्या मशीनमध्ये बरेचदा हेच निघतं. काटा शांत आणि टेबल मात्र हलतंय, तर बॉलनट झिजलाय किंवा त्याच्या हाउसिंगचे बोल्ट ढिले आहेत. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रबस्क्रू पण बघून घ्या. एक मात्र कळकळीने सांगतो, बॉलनट स्क्रूवरून फिरवून बाहेर काढू नका, गोळ्या खाली सांडतात आणि परत भरताना जीव जातो. आणि हे निस्तरेपर्यंत क्लाइंब मिलिंग (कटरचे दात फिरतात त्याच दिशेने जॉब सरकवून कापणं) बंद ठेवा, कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो आणि टूल तुटतं. मॅक थ्री या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (ढिलेपणा भरून काढायची सोय) आहे, पण ते शेवटी, उरलेल्या थोडक्यासाठी.

गंजाचं म्हणाल तर डब्ल्यूडी-फोर्टी सफाईला ठीक, पण ते आतलं ग्रीस पातळ करून धुऊन काढतं. स्क्रूला आणि बेअरिंग ब्लॉकला लिथियम ग्रीस, आणि उघड्या लोखंडाला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल, कापडाने पातळ थर. या तेल-ग्रीससाठी भोसरी, कोल्हापूरजवळ शिरोली नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. ग्रॅफाइटवालं ग्रीस इथे नको. डाग तेलात भिजवलेल्या कापडाने लांबीच्या दिशेने हळू घासा, पॉलिशपेपर रॉडला लावूच नका, आणि नखाला खड्डा लागत असेल तर रॉड बदलायची तयारी ठेवा. एअर गनने चिप्स उडवू नका, त्या वायपरखाली (नटच्या तोंडाच्या सीलखाली) शिरतात, ब्रश घ्या. प्लास्टिक घट्ट गुंडाळत असाल तर ते काढा, आत ओल कोंडते. मशीनवर पेटी करून आत ४० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब चालू ठेवा, एलईडी नको, आपल्याला उजेड नाही ऊब पाहिजे. कापड आणि भुसा त्या बल्बपासून लांब ठेवा.

प्रश्न: नाशिकहून. घरच्या मिलिंग मशीनच्या टाकीतल्या कूलंटला (कापताना सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला) सुट्टीनंतर घाण वास येतो, घरचे ओरडतात.

उत्तर: वर तेलाचा तवंग धरला की खाली हवा पोचत नाही आणि वास करणारे जिवाणू वाढतात. तवंग काढा, तळातल्या चिप्स काढा, काम नसलं तरी रोज थोडा वेळ पंप फिरवा. मिश्रण साधारण ५ ते ८ टक्के ठेवा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा, करताना तेल पाण्यात ओता, पाणी तेलात नाही. एकदा कुजलं की वरून नवीन घालून सुधारत नाही, टाकी रिकामी करून धुवा. जुनं मात्र गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून ठेवा आणि सातपूरला ओळखीचा शॉपवाला असेल तर त्याला विचारा, त्यांच्याकडे खराब कूलंट कोण नेतं ते कळेल.