बडोद्यात राहून वंचित मुलांच्या शिक्षणासाठी काम करत शिक्षकी करिअर होतं का?

होतं, आणि बडोद्याला तर त्याची परंपराच आहे. सयाजीराव महाराजांनी अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा सवर्ण मास्तर तिकडे फिरकेनात. शेवटी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ साली पंजाबातून पंडित आत्माराम अमृतसरी आले आणि त्यांनी या शाळांचा आणि वसतिगृहांचा कारभार हाती घेतला. बाकी, महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली याच शहरात राहायला धड जागा मिळाली नाही, हेही ध्यानात असू द्या. महाराज दानशूर होते, घरमालक नव्हते.

आजचं म्हणाल तर सहावी ते आठवीला शिकवायला बी.एड. किंवा तशी शिक्षणशास्त्राची पात्रता आणि टेट (शिक्षक पात्रता परीक्षा) लागेलच, एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीची एज्युकेशन फॅकल्टी बडोद्यातच आहे. पण माझ्या मते खरं काम शिका ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अर्ज ऑनलाइन. घोडं अडतं ते कागदांवर: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, भाडेकरार नाही, अपलोड केलेला फोटो पुसट. दिवसभर मजुरीवर असलेल्या आईला मामलतदार कचेरीच्या खेपा परवडत नाहीत. अर्जांच्या दिवसांत वस्तीत दोन तास बसून असे अर्ज भरून द्या, पालक तुम्हाला नावानं ओळखू लागतील. प्रवेशानंतर गणवेश, सहलीचे पैसे यावरून मूल वेगळं पडतंय का, तेही बघा.

आणि गुजराती पक्कं करा. दांडिया बाजार या बडोद्यातल्या मराठी पेठेतलं मराठी अशा वस्त्यांत कामाला येत नाही.