ट्रॅक्टरवर चालणाऱ्या हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्राला १०० ऐवजी १२५ मिमी व्यासाचा सिलिंडर बसवल्यास जोर वाढेल का?

होय, त्याच दाबावर जोर सुमारे ५६ टक्क्यांनी वाढेल, मात्र दांडा त्याच प्रमाणात सावकाश सरकेल. जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचे क्षेत्रफळ. १८० बार दाबावर १०० मिमीचा सिलिंडर साधारण १४ टन आणि १२५ मिमीचा साधारण २२ टन जोर देतो, परंतु मिनिटाला ४० लिटर तेल मिळत असेल तर दांडा ६० सेंमी बाहेर यायला सात सेकंदांऐवजी अकरा सेकंद लागतात. हा वाढीव भार तुळई, पाचर आणि त्यांच्या वेल्डिंगवर येतो, म्हणून आधी ते भाग मजबूत करून घ्यावेत. रिलीफ व्हॉल्व्हची (दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की उघडून तेल परत सोडणारी झडप) मर्यादा वाढवून जोर मिळवणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यात ट्रॅक्टरचा पंपही ताणला जातो. चाचणीच्या वेळी प्रेशर गेज लावून दांडा शेवटच्या टोकाला क्षणभरच दाबून धरावा आणि व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबावर उघडतो की नाही हे पाहावे. होजची गळती हाताने कधीही तपासू नये, पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. बारीक झोताने तेल थेट त्वचेत शिरते आणि अशा जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. मोठ्या सिलिंडरला तेलही जास्त लागते, त्यामुळे दांडा पूर्ण बाहेर असताना ट्रॅक्टरच्या टाकीतील पातळी पुरेशी राहते का, हे तपासणे आवश्यक आहे.