आर्मी सरप्लसचा स्मॉक वेल्सच्या पावसात चालेल का? टिकाऊ कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की कार्डिफला शिकायला आहात, शनिवार-रविवारी ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत भटकता, सरप्लसच्या, म्हणजे लष्कराचा जुना-उरलेला माल विकणाऱ्या दुकानात ब्रिटिश आर्मीचा एक स्मॉक नजरेत भरलाय आणि दुकानदार म्हणतो, हा घातला की रेनकोट नको. रेनकोट लागेल. त्याला स्मॉक खपवायचाय, एवढंच.

स्मॉक हा मुळात वारा अडवायचा, ढगळ जॅकेटसारखा कपडा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक घालायचे तो डेनिसन स्मॉक असो, १९४२ सालचा टोपीचा विंडप्रूफ स्मॉक असो की आत्ताचा एमटीपी छपाईचा (ब्रिटिश सैन्याची हिरव्या-तपकिरी डागांची छपाई), कल्पना तीच: कापड इतकं दाट विणायचं की वारा आत शिरू नये, आणि काट्याकुट्यात फाटू नये. भुरभुर पाऊस अर्धा तास झेलतो. मग खांद्यांपासून भिजायला लागतो आणि एकदा भिजला की अंगावर ओलं पोतं घेतल्यासारखं वाटतं. आपल्या धनगरांची घोंगडी भिजली तरी ऊब धरून ठेवते, ती लोकर आहे म्हणून. सुती कापडाला ती सवय नाही. म्हणून आत सुती बनियन घालू नका. पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर घाला, बनियन होस्टेलवर राहू द्या.

सुती असून पाणी अडवणारं एक कापड आहे, व्हेंटाइल. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये युद्धकाळात ते तयार झालं. आर्क्टिकच्या समुद्रात पडणारे वैमानिक गारठून मरत होते, त्यांच्या पोशाखासाठी. धागे पाण्याने फुगतात आणि विणीतली छिद्रं बुजतात. सुंदर कापड आहे. पण भिजलं की पुठ्ठ्यासारखं कडक होतं, दिवसभराच्या पावसाला एकेरी थर पुरत नाही, आणि नव्याची किंमत विद्यार्थ्याने विचारूच नये.

तेव्हा दोन कपडे घ्या. एक स्मॉक आणि एक वेगळं, हलकं, शिवणी टेप केलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. आता खरा वाद: वॉटरप्रूफ स्मॉकच्या आत की वर?

बरेच जण आत घालतात. म्हणजे झुडपांपासून आणि सॅकच्या पट्ट्यांपासून नाजूक थर वाचतो. त्यांचं अगदीच चुकत नाही. गोर्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपातून जायचं असेल तर मीही तेच करतो. पण उघड्या डोंगरावर वॉटरप्रूफ वरच हवं. वॉटरप्रूफच्या कापडात बसवलेला गोअरटेक्ससारखा पातळ पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो तो आतल्या-बाहेरच्या दमटपणातल्या फरकावर. बाहेरून चिंब स्मॉक चिकटून बसला की तो फरक जवळजवळ संपतो. मग वाफ आतच थांबते आणि तुम्ही पावसाऐवजी घामाने भिजता. शिवाय ते किलोभराचं धूड पाणी पिऊन आणखी जड होतं आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. म्हणून वॉटरप्रूफ एक माप मोठं घ्या, स्मॉकवरून सहज चढलं पाहिजे. पेन इ फॅनच्या माथ्यावर (उंची ८८६ मीटर, वारा विचारू नका) बाही अडकली की बोटं गारठेपर्यंत झटापट चालते.

सरप्लसमधलं जुनं वॉटरप्रूफ घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझं पहिलं असंच स्वस्तात घेतलेलं. बाहेरून नवंकोरं. पहिल्याच मोठ्या पावसात, पेन इ फॅनची वाट जिथून चढते त्या स्टोरी आर्म्सपासून जेमतेम तासभर चाललो असेन, दोन्ही खांदे आतून ओले. घरी उलटं करून पाहिलं तर शिवणींवरची टेप पापडासारखी सुटलेली. ती दुकानातच बघायची होती. जॅकेट उलटं करा, खांदे, काख आणि टोपीच्या शिवणींवरून नख फिरवा. टेप उचकटली, आतला थर फुगलेला किंवा पांढुरका पडलेला दिसला, तर ठेवून द्या. थर सुटला तर तो परत जोडता येत नाही. ‘जास्त धुतलं की खराब होतं’ हेही डोक्यातून काढा. घाम आणि अंगाचं तेल साचूनच ते बिघडतं. सौम्य साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात नको.

स्मॉकची निवड त्यामानाने सोपी. कोपरांवर कापड दुहेरी आहे का, बटणं फितीने शिवलेली आहेत का (ती धाग्यासारखी तुटत नाहीत आणि हातमोजे घालूनही लागतात), टोपीच्या कडेला तार आहे का, एवढं बघा. तार वाकवून टोपी वाऱ्याच्या दिशेला वळवता येते. लष्करासारखे दिसणारे बाजारू स्मॉकही खूप मिळतात. खऱ्या मालाच्या लेबलावर १३ अंकी नाटो क्रमांक असतो आणि ब्रिटिश मालात पहिल्या चार आकड्यांनंतर ९९ येतो. त्याच लेबलावर १७०/९६ असं काही दिसेल. ती तुमची उंची आणि छाती, सेंटिमीटरमध्ये. आत थर घालायचे म्हणून मोठं माप घेऊ नका, ती जागा मापात आधीच धरलेली असते. खालच्या मोठ्या खिशांवर फार भाळू नका. सॅकचा कमरपट्टा आवळला की ते बंदच होतात. नकाशा आणि चॉकलेट छातीच्या खिशात.

परत गेल्यावर सह्याद्रीत वापरता येईल का, असंही विचारलंय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विसरा. तिथला पाऊस उबदार आणि हवा इतकी दमट की महागडा पडदाही वाफ सोडत नाही. पोंचो किंवा छत्री बरी. पावसाळ्यात वाडीतली माणसं पाठीवर इरलं घेऊन शेतात उतरतात, ते उगाच नव्हे, चारही बाजूंनी हवा खेळते. डिसेंबर-जानेवारीत कारवीच्या जाळीतून वाट काढताना मात्र स्मॉक मस्त.

फक्त रंग साधा हिरवा किंवा खाकी घ्या, छपाईचा नको. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी लष्करी पोशाख घालणं हा आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नसला तरी नाक्यावर उभं राहून ते समजावत बसावं लागेल. तुम्ही पाहिलेला स्मॉक छपाईचा असेल तर तिथेच साध्या हिरव्यात तुमचं माप आहे का, ते विचारून बघा.