राजीनाम्यावर सही करू नका

ताई, नोकरीवरून काढताना मालक ‘राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो’ म्हणाले तरी सही करू नका. बहुतेक जण इथेच फसतात. नोकरी स्वतःहून सोडली असं कागदावर आलं की भरपाईची बाजू लंगडी पडते.

- नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीचे मेसेज आजच स्वतःकडे घ्या.
- वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोकरकपातीत काढलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी.
- काढणंच बेकायदा ठरलं, तर नोकरी आणि मागचा पगारही परत मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा दीपाली सुरवसे निकाल हेच सांगतो. मात्र मधल्या काळात दुसरी कमाई नव्हती, हे अर्जात लिहा. हे हमखास राहून जातं!

कामगार आयुक्त कार्यालयात लवकर जा. कलमं नंतर बघू.